'विदाउट लिमिट्स' : प्री हट्टी होता की बरोबर होता?

रानवारा
काल रात्री 'विदाउट लिमिट्स' (१९९८) दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी धावत नव्हते, त्यामुळे एक चांगला चरित्रपट यापलीकडे काही हाती लागलं नव्हतं. आता पाच वर्षं नियमित धावतेय आणि या वेळी मात्र सिनेमा संपल्यावर झोपच लागली नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीव्ह प्रीफाँटेन, अमेरिकेचा लांब पल्ल्याचा धावपटू, सगळ्यांचा 'प्री'. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं कूस बे हे लाकूड आणि मासेमारीवर जगणारं गाव. वडील सुतारकाम करायचे, आई जर्मन. शाळेत असताना अंगकाठी लहान म्हणून बाकीच्या खेळांत बाकावर बसवलेला हा मुलगा धावायला लागला आणि १९६९ मध्ये दोन मैलांचा शालेय राष्ट्रीय विक्रम करून बसला, ८ मिनिटं ४१.५ सेकंद. मग युजीन शहरातलं ओरेगन विद्यापीठ आणि तिथले कोच बिल बॉवरमन. सिनेमाचा जीव या दोघांच्या भांडणात आहे. कोच सांगतो, दुसऱ्याच्या मागे राहा, ताकद राखून ठेव, शेवटी सुट. प्री म्हणतो, दुसऱ्याच्या पाठीमागे लपून शेवटच्या शंभर मीटरमध्ये जिंकणं हे जिंकणंच नाही. पहिल्या पावलापासून पुढे राहीन, ज्याला माझ्याइतकं सोसेल त्याने यावं.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरला तो चौथा आला. ३० मे १९७५ च्या रात्री युजीनमध्ये मोटार अपघातात गेला. वय २४.

मला तुमच्याशी बोलायचंय ते या भांडणाबद्दल. कोचचं ऐकलं असतं तर पदक मिळालं असतं का? आणि मिळालं असतं, तर पन्नास वर्षांनी आपण त्याच्याबद्दल बोलत असतो का? माझं मन प्रीकडे झुकतं. पण बॉवरमनची वाक्यं ऐकताना प्रत्येक वेळी वाटतं, हा म्हातारा चुकत नाहीये.

हिरवा चाफा
वाचनखूण साठवली. सिनेमा बघून येते.

तिसरी घंटा
छान विषय. आधी सिनेमाबद्दल बोलतो, धावण्यातलं इथले जाणकार सांगतीलच.

प्रीवर लागोपाठ दोन सिनेमे आले. १९९७ चा 'प्रीफाँटेन' स्टीव्ह जेम्सचा, त्यात जॅरेड लेटो. जेम्स मुळात माहितीपट करणारा माणूस, त्यामुळे पात्रं म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर बसून आठवणी सांगताहेत असा घाट आहे. सहायक कोच बिल डेलिंजर (हे स्वतः १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ५००० ला कांस्य मिळवलेले) तिथे महत्त्वाचे आहेत. वर्षभराने आला तो 'विदाउट लिमिट्स'. दिग्दर्शक रॉबर्ट टाउन, म्हणजे 'चायनाटाउन'ची पटकथा लिहून ऑस्कर घेतलेला लेखक. त्यामुळे इथे संवादांना धार आहे. बिली क्रुडप प्री झालाय आणि बॉवरमन झालाय डोनाल्ड सदरलँड. सदरलँडला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं, ऑस्करवाल्यांनी साधी दखल घेतली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. काय ते डोळे! शिष्यावर रागावलेला माणूस आणि त्याच शिष्याचा मनापासून अभिमान असलेला माणूस एकाच चेहऱ्यावर दिसतात.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. पटकथेत टाउनचा साथीदार होता केनी मूर. हा बॉवरमनचाच शिष्य, प्रीचा मित्र, आणि म्युनिकला मॅरेथॉन धावलेला. कितवा आला? चौथा! म्हणजे चौथ्या आलेल्या धावपटूची गोष्ट दुसऱ्या चौथ्या आलेल्या धावपटूने लिहिली आहे. पदकांच्या मंचापासून हाताच्या अंतरावर राहिलेल्या माणसाला काय वाटतं, ते त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

सिनेमा मात्र आपटला. खर्च अडीच कोटी डॉलरच्या घरात आणि अमेरिकेतल्या तिकीटबारीवर दहा लाखही जमले नाहीत. निर्माता टॉम क्रूझ असूनही. टाउन आणि सदरलँड दोघेही २०२४ च्या उन्हाळ्यात थोड्या दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हा मी हा पुन्हा लावला होता.

ठाम मत
रानवारा, लेख आवडला, मत पटलं नाही.

शर्यत ही शर्यत असते. पहिला कोण आला हे ठरवायला लोक जमतात. 'मी सुंदर हरलो' याला खेळात जागा नाही. त्याच म्युनिकमध्ये फिनलंडचा लासे व्हिरेन १०,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत धडपडून पडला, उठला, घाई न करता हळूहळू घोळक्यात परतला आणि विश्वविक्रमासह सुवर्ण घेऊन गेला. आठवड्याने ५००० चं पण घेतलं. चार वर्षांनी माँट्रिअलला पुन्हा दोन्ही. चार सुवर्णं! या माणसावर हॉलिवूडने सिनेमा काढला का? नाही. कारण तो शांत होता, डोकं वापरायचा आणि प्रीसारख्या मिशा नव्हत्या.

प्रीच्या प्रतिभेबद्दल वाद नाही. पण कोच सांगतोय ते न ऐकणं याला आपण बंडखोरी म्हणतो आणि त्यावर टाळ्या वाजवतो, हे मला खटकतं.

उंटावरचा शहाणा
व्हिरेनला दाढी होती हो, ठाम मत! केसांच्या बाबतीत फिनलंड मागे नव्हतं.

ठाम मत
बरं, दाढी मान्य. बाकी मत कायम.

मीनाक्षी_ध
माझ्या मुलाने शाळेच्या ८०० मीटरला सुरुवातीलाच असा बाण सोडला की पहिल्या वळणावर बाकीची मुलं वीस पावलं मागे. दुसऱ्या फेरीत एकेक जण पुढे जात गेला आणि हा सातवा आला. घरी येताना मी समजूत घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाला, "आई, पण बाबांनी फोटो पहिल्या फेरीत काढलाय ना?"

त्याला प्रीबद्दल अजून काही सांगितलेलं नाही. सांगावं की नको, ते या धाग्यावर ठरवेन.

शिट्टीवाले सर
बरीच वर्षं मुलांना धावायला शिकवतो आहे, म्हणून दोन शब्द.

पुढे धावणारा फक्त स्वतःचं अंतर कापत नाही, तो मागच्यांसाठी हवाही कापतो. ट्रॅकच्या वेगाला हवेचा अडथळा चांगलाच जाणवतो. तुम्ही समोरच्याच्या पाठीमागे एक-दीड मीटरवर राहिलात तर तो बराचसा टळतो. शिवाय वेग ठरवायची जबाबदारी समोरच्याच्या डोक्यावर. मागचा नुसता समोरच्या बनियनवरच्या नंबराकडे बघत पाय टाकतो. पुढच्याला मात्र मागून चार-पाच जणांच्या स्पाइक्सचा (खिळ्यांच्या बुटांचा) खरखर आवाज येत असतो, त्यांचा श्वास ऐकू येत असतो, आणि मान वळवून पाहता येत नाही. म्हणून बॉवरमन सांगत होते ते शास्त्राला धरून होतं.

आता दुसरी बाजू. शेवटच्या दोनशे मीटरला सगळ्यांची झेप सारखी नसते. ज्याची झेप इतरांपेक्षा कमी आहे, त्याने मागे राहून काय साधायचं? त्याने बाकीच्यांच्या पायातली झेप आधीच काढून घ्यायला हवी. त्याचा एकच मार्ग, लवकर आणि लांबवर जोर लावणे. प्री मैल ३ मिनिटं ५४.६ मध्ये धावलेला आहे, म्हणजे संथ अजिबात नव्हता. पण वेग असणं वेगळं आणि थकलेल्या पायांनी शेवटी झेप घेणं वेगळं. त्याने पुढे राहायचं ठरवलं त्यात हट्ट होता, तसा हिशेबही होता.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एक मुलगी होती, १५०० ची. स्वभावाने पुढे पळणारी. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी तिला बजावलं, आज मागे राहायचं. बिचारीने अक्षरशः ऐकलं. दोन फेऱ्या ती आतल्या बाजूला कोंडली गेली. पुढे भिंत, उजवीकडे भिंत. कोपरं लागली, तिचा पाय कुणाच्या तरी बुटावर पडला आणि ती आडवी झाली. उठून पूर्ण केली शर्यत. नंतर गुडघ्यावरची खडी काढत असताना मला म्हणाली, "सर, मला पुढे भीती वाटत नाही, मध्ये वाटते." त्यानंतर मी कुठल्याही मुलाला आधी धावताना बघतो आणि मगच डावपेच सांगतो.

रानवारा
सर, "मला पुढे भीती वाटत नाही, मध्ये वाटते" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. धन्यवाद.

@ठाम मत, कोचचं न ऐकणं ही बंडखोरी नव्हे हे मान्य. पण सिनेमात मला दिसलं ते असं, की तो ऐकत नाही म्हणून बॉवरमन त्याला सोडून देत नाहीत आणि तोही बॉवरमनना सोडून जात नाही. दोघं वर्षानुवर्षं भांडत राहतात. घरातल्यासारखं.

पाचवा गियर
बंडखोरी म्हणजे काय यावरच बोलायचंय. आतापर्यंत सगळे पुढे पळायचं की मागे यात अडकलेत. प्रीचं खरं बंड ट्रॅकच्या बाहेर होतं आणि माझ्या मते दोन्ही सिनेमांनी त्याला हवी तेवढी जागा दिली नाही.

त्या काळी अमेरिकेत ॲथलेटिक्सचा कारभार अमॅच्युअर ॲथलेटिक युनियनच्या, म्हणजे एएयूच्या, हातात होता. नियम असा की ऑलिंपिकला जायचं तर धावण्यातून पैसा मिळवायचा नाही. परदेशात कुठे धावायचं, कधी धावायचं, परवानगी त्यांची. स्पर्धा भरवणारे तिकिटं विकणार, आणि खेळाडूला रोजचा भत्ता तीन डॉलर. तीन! प्री त्या वेळी देशातला सगळ्यात लोकप्रिय धावपटू. युजीनच्या हेवर्ड फील्डवर लोक त्याच्या नावाचा गजर करायला यायचे. आणि तो राहायचा ट्रेलरमध्ये. सरकारी अन्नकुपनांवर दिवस काढलेत त्याने. व्यावसायिक धावपटूंच्या मंडळाने दोन लाख डॉलर देऊ केले होते. घेतले असते तर १९७६ चं ऑलिंपिक कायमचं बंद, म्हणून नाही म्हणाला.

मग काय केलं? गप्प बसला नाही. उघडपणे बोलला, भांडला. १९७५ च्या वसंतात फिनलंडच्या धावपटूंना स्वतः खटपट करून ओरेगनला आणलं, गावोगाव शर्यती लावल्या, त्यातली एक आपल्या कूस बेच्या शाळेच्या मैदानावर. व्हिरेनही येणार होता, पण ऐन वेळी दुखापतीमुळे त्याचं रद्द झालं. शेवटची शर्यत हेवर्ड फील्डवर, २९ मेला. ५००० मीटर, १३ मिनिटं २३.८, पहिला. त्या रात्री मित्राकडे मेजवानी झाली, फ्रँक शॉर्टरला (म्युनिकच्या मॅरेथॉनचा सुवर्णविजेता) मुक्कामी सोडलं, आणि परतताना स्कायलाइन बुलेवार्डच्या वळणावर गाडी खडकावर गेली.

गेला तेव्हा २००० पासून १०,००० मीटरपर्यंतच्या अंतरांचे अमेरिकन विक्रम त्याच्या नावावर होते. आणि तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेत अमॅच्युअर स्पोर्ट्स ॲक्ट आला, एएयूची मक्तेदारी मोडली. एकट्या प्रीमुळे मोडली असं म्हणणार नाही, भांडणारे अनेक होते. पण सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता आणि फळ खायला तो नव्हता.

हे सगळं सिनेमात दहा मिनिटांत उरकलंय. त्याऐवजी प्रेमप्रकरणाला किती वेळ दिलाय बघा.

ठाम मत
पाचवा गियर, हा प्रतिसाद वाचून मी माझ्या पहिल्या प्रतिसादातलं एक वाक्य मागे घेतो. टाळ्या वाजवण्याबद्दलचं. तीन डॉलर भत्त्याविरुद्ध भांडणाऱ्याला बंडखोर म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं?

डावपेचांबद्दलचं मत मात्र तसंच आहे.

कडेलोट
अवांतर होईल, पण खेळाडू आणि संघटना हा विषय निघालाच आहे तर 'पानसिंग तोमर' (२०१२) आठवल्याशिवाय राहत नाही. तोही लांब पल्ल्याचा, ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत). तोही बंडखोर, पण त्याच्या हातात शेवटी बंदूक आली. इरफानला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यासाठी. सिनेमा संपल्यावर उपेक्षेत गेलेल्या खेळाडूंची नावं पडद्यावर येतात, त्यात आपले खाशाबा जाधव आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं कांस्य. थिएटरात माझ्या शेजारच्या आजोबांनी ते नाव येताच हात जोडले होते.

प्रीच्या बाबतीत निदान सगळं गाव पाठीशी होतं.

उंटावरचा शहाणा
अवांतरात माझीही भर. पुढे पळायचं की मागे, हा वाद आपल्या अविनाश साबळेला पण चुकला नाही, आणि गंमत म्हणजे तोही त्याच हेवर्ड फील्डवर! २०२२ ची जागतिक स्पर्धा युजीनला होती. स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत कुणी पुढे व्हायलाच तयार नाही. सगळे एकमेकांकडे बघत रेंगाळले. मोरोक्कोचा एल बक्काली ८:२५.१३ मध्ये जिंकला, जागतिक स्पर्धेच्या इतिहासातली सगळ्यात संथ विजयी वेळ. साबळे अकरावा, ८:३१.७५. जेमतेम तीन आठवड्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पठ्ठ्या ८:११.२० धावला, रौप्य, सुवर्णापासून फक्त ०.०५ सेकंद दूर. म्हणजे युजीनच्या वेळेपेक्षा वीस सेकंदांनी जलद!

शर्यत संथ झाली की चांगल्या इंजिनवाल्याचं नुकसान होतं, हे मी त्या रात्री जागून पाहिलंय.

आणखी एक आकडा. त्याच वर्षी मे महिन्यात साबळेने अमेरिकेत ५००० मीटर १३:२५.६५ मध्ये धावून बहादुर प्रसाद यांचा ३० वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला होता. प्री १९७२ मध्ये, २१ व्या वर्षी, १३:२२.८ धावलेला. त्या काळच्या बुटांत. यावरून तो काय चीज होता ते कळतं.

हिरवा चाफा
पाहिला! रडले. बाकी नंतर.

बुटांवरून आठवलं, बॉवरमन पायाची आकृती काढून घेतात तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. एवढा नावाजलेला कोच शिष्याच्या पायाशी बसलाय, कागदावर पेन्सिल फिरवतोय. पायांना हात लावायची आपल्याकडची पद्धत उलट्या दिशेने जाते ना, त्यामुळे तो प्रसंग जास्त लागला असेल मला.

तिसरी घंटा
@हिरवा चाफा, ते खऱ्या बॉवरमनचंच वेड होतं. धावपटूंचे बूट ते स्वतः घरी शिवायचे, बुटाचं ओझं कसं कमी होईल याचा सतत ध्यास. बायकोच्या स्वयंपाकघरातल्या वॉफलच्या (चौकड्यांच्या जाड धिरड्याच्या) साच्यात त्यांनी तळव्यासाठी रबरासारखं युरेथेन ओतलं आणि साचा कायमचा चिकटून बसला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यातूनच पुढे चौकड्यांच्या तळव्याचा बूट निघाला. फिल नाइट या आपल्या जुन्या शिष्याबरोबर त्यांनी १९६४ मध्ये प्रत्येकी ५०० डॉलर घालून जी कंपनी काढली, तिची नंतर नायकी झाली.

उंटावरचा शहाणा
वॉफलचा साचा गेला म्हटल्यावर त्या माउलीने काय केलं ते कुठल्याच सिनेमात नाही. खरा स्फूर्तिपट तो होईल.

सातासमुद्रा
धागा उशिरा दिसला. मी काही वर्षांपूर्वी कामानिमित्त पोर्टलंडला होते तेव्हा मुद्दाम युजीनला गेले होते. त्या खडकाला 'प्रीज रॉक' म्हणतात. रस्ता चढाचा आणि अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, वळण इतकं साधं की इथे काही झालं असेल असं वाटत नाही. गाडी बाजूला लावायला धड जागाही नाही.

खडकापाशी लोक वस्तू ठेवून जातात. शर्यतीची पदकं, पावसाने भिजून मऊ पडलेले छातीवरचे नंबर, एकेक बूट. एका नंबराच्या मागे कुणीतरी पेनने आपली वेळ लिहिली होती, शाई पसरलेली, मिनिटं वाचता येत होती पण सेकंद पुसले होते. मी गेले तेव्हा तिथे एक शाळकरी मुलगा वडिलांबरोबर आला होता. त्याने आपल्या गळ्यातलं पदक काढून ठेवलं, मग परत उचललं, मागची बाजू शर्टाला पुसली आणि पुन्हा ठेवलं. वडील लांब उभे होते, काही बोलले नाहीत.

या मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधी प्री गेलेला. ठाम मत म्हणाले होते की सुंदर हरण्याला खेळात जागा नाही. मला वाटतं मी ती जागा बघून आले.

मीनाक्षी_ध
सातासमुद्रा, शहारा आला.

मुलाला सिनेमा दाखवायचं ठरलं. पहिल्या फेरीतला फोटोही फ्रेम करून घेते.

घड्याळजी
सगळे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्न होता, कोचचं ऐकलं असतं तर पदक मिळालं असतं का. मला वाटतं आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरून बोलतोय आणि तीच बरोबर नाही. म्युनिकची ती शर्यत मी अनेकदा पाहिली आहे. प्री त्या दिवशी पहिल्या पावलापासून पुढे धावलाच नव्हता.

१० सप्टेंबर १९७२. पाच दिवसांपूर्वी ऑलिंपिक ग्रामात इस्रायली चमूवर अतिरेकी हल्ला झालेला, ११ जणांचा जीव गेलेला, स्पर्धा थांबून पुन्हा सुरू झालेल्या. त्या मनःस्थितीत ही पोरं उभी होती. सुरुवात संथ झाली. साधारण दोन मैल सगळे एकत्र, आणि प्री घोळक्यातच. चार फेऱ्या राहिल्या तेव्हा तो पुढे आला आणि जोर लावला. म्हणजे शेवटचा मैल पुढून, आधीचे दोन मैल कोचच्या पद्धतीने. तो शेवटचा मैल चार मिनिटांना जेमतेम वर इतका जलद गेला. तीन हजार मीटर पळून झाल्यावर!

मग व्हिरेन आणि ट्युनिशियाचा गमूदी पुढे आले. प्रीने शेवटच्या फेऱ्यांत बाहेरून पुन्हा पुन्हा चढाई केली, प्रत्येक वेळी सुवर्णासाठी. शेवटच्या दोनशेला तो तिसरा होता. तिसरा राहायचं ठरवलं असतं तर बहुतेक राहिलाही असता. पण सगळं आधीच ओतून मोकळा झाला होता, शेवटच्या सरळ पट्ट्यात पाय वेडेवाकडे पडायला लागले आणि ब्रिटनचा इयन स्टुअर्ट रेषेच्या अगदी आधी त्याला ओलांडून गेला. व्हिरेन १३:२६.४, गमूदी १३:२७.४, स्टुअर्ट १३:२७.६, प्री १३:२८.४.

आता उंटावरचा शहाणा यांनी दिलेला आकडा परत पाहा. त्याच वर्षी जुलैमध्ये, अमेरिकेच्या निवड चाचणीत, हेवर्ड फील्डवर प्री १३:२२.८ धावला होता. ('प्रीला थांबवा' असं छापलेले टी-शर्ट निघाले होते ती हीच शर्यत. जिंकल्यावर त्याने तोच शर्ट अंगात घालून फेरी मारली होती!) म्हणजे म्युनिकच्या सुवर्णाच्या वेळेपेक्षा साडेतीन सेकंद जलद तो दोनच महिने आधी धावला होता. मग माझा प्रश्न उलटा आहे. कोचचं ऐकलं नाही म्हणून पदक गेलं, की त्या एका दिवशी स्वतःचं ऐकलं नाही म्हणून?

ठाम मत
घड्याळजी, दंडवत. पण एक आकडा तुम्ही सोडलात. म्युनिकनंतर चारच दिवसांनी व्हिरेनने हेलसिंकीला ५००० चा विश्वविक्रम केला, १३:१६.४. म्हणजे प्रीने पहिल्यापासून १३:२२ चा वेग लावला असता तरी व्हिरेन आरामात चिकटून आला असता आणि शेवटी सुटला असता. सुवर्ण कुठल्याही वाटेने त्याचंच होतं.

घड्याळजी
तो आकडा मोलाचा आहे, मान्य. व्हिरेनला कुणी हरवलं नसतं त्या सप्टेंबरमध्ये. पण गमूदी आणि स्टुअर्ट? ते १३:२० च्या वेगाला टिकले असते का? माझ्या मते रौप्य नक्की होतं.

ठाम मत
रौप्यावर आपली तडजोड.

पाचवा गियर
रौप्यासाठी तो धावलाच नसता, हीच तर सगळी गोष्ट आहे. तिसरा असताना कांस्य राखलं नाही त्याने.

रानवारा
घड्याळजी, तुमचा प्रतिसाद वाचून मी आत्ता ती शर्यत पुन्हा पाहिली, सिनेमातली नाही, खरी. पहिल्या आठ फेऱ्या मी आधी कधी नीट बघितल्याच नव्हत्या, थेट शेवटच्या चारवर जायचे. घोळक्यात असताना तो कसा दिसतो बघा. डोकं सारखं वर होतंय, पावलं आखडतायत. सरांच्या मुलीचं वाक्य आठवलं, मध्ये भीती वाटते ते. त्याला भीती वाटत असेल असं नाही म्हणत, पण ते त्याचं घर नव्हतं.

सिनेमा पाहून माझ्या मनात मात्र हट्टाने पुढे पळाला आणि हरला एवढंच राहिलं होतं. पण माझा सिनेमावरचा जीव काही कमी होत नाही.

शिट्टीवाले सर
आज सकाळी सराव संपल्यावर मुलांना फोनवर ही शर्यत दाखवली. आवाज बंद ठेवला, कोण जिंकतं ते सांगितलं नाही, फक्त प्रीची मिशी दाखवली आणि म्हटलं, याच्यावर डोळा ठेवा. एवढ्याशा पडद्याभोवती अकरा डोकी. शेवटच्या वळणावर सगळी गप्प. स्टुअर्टने ओलांडलं तेव्हा दोघी-तिघींच्या तोंडून एकदम "अगं!" निघालं.

मग सगळ्यात लहान मुलगी, आठवीतली, म्हणाली, "सर, तो इतका उशिरा का निघाला?"

रानवारा
सर, तिला आमच्या धाग्यावर आणा.

घड्याळजी
आणि तिला ५००० ला घाला.

शिट्टीवाले सर
अजून लहान आहे, सध्या ८०० पुरे. पण रविवारी चाचणी आहे आणि तिला मी काहीही सांगणार नाहीये. काय झालं ते इथेच लिहीन.